पिंपातलं अस्वल

निघोजे, रविवार

प्रिय सुरज,

वर ‘प्रिय’ लिहायचं हे तनुजानं सांगितलं. मी ‘चिरंजीव’ लिहिणार होते, पण तुझी पुतणी म्हणाली, आजी, आता तसं कुणी लिहीत नाही, आमच्या पुस्तकातल्या पत्रात ‘प्रिय’च आहे. म्हटलं असू दे. अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे. चौथी झाल्यापासून हातात पेन धरलं ते फक्त सिलिंडर कधी लावला ते कॅलेंडरवर लिहायला. ही वही तनुजाची, गणिताची, चौकटीची. एका चौकटीत एक अक्षर बसवायला गेले तर निम्मं पान ‘प्रिय सुरज’मध्येच संपलं, म्हणून ते फाडलं आणि आता चौकटींकडे बघायचंच सोडलंय. फोन तू घेत नाहीस. आठ महिने झाले, या घराची पायरी चढला नाहीस. म्हणून पत्र. पण रडगाणं नाही हं हे, आज मी फार खुशीत आहे. का ते शेवटी सांगते, नाहीतर तू मधलं वाचणार नाहीस, लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी बघायचास तसं करशील.

माझा पाय मोडला हे रविराजनं सांगितलं असेलच. पोरगा तुझ्याच खोलीत राहतो आणि महिन्यातून एकदा तुझी खबर मला आणून देतो, घरात बाकी कुणाला कळू न देता. तर गच्चीवर कपडे वाळत घालताना शेवाळावरून घसरले. पाच आठवडे झाले, मांडीपर्यंत प्लास्टर आहे. खालच्या खोल्यांत भाडेकरू आणि आपण वर, हे तुझ्या वडलांनी ठरवलं तेव्हा मला केवढी ऐट वाटली होती. आता त्या जिन्याच्या एकोणीस पायऱ्या माझ्या वैरी झाल्यात. पलंग, मोरी, पुन्हा पलंग. शेजारची शालनबाई येते, पण तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती खालूनच हाक मारते आणि मी वरून ओरडते, भाडेकरूंना आमच्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्यात. खिडकी एकच. पूर्वी तिच्यातून आपली कांद्याची पट्टी दिसायची, तुला आठवत असेल. आता कंपनीची भिंत, भिंतीवर काटेरी तार, आणि पलीकडून नव्याकोऱ्या गाड्या भरलेले लांबच लांब ट्रेलर. कोपऱ्यावर एक ट्रेलर वळायला लागला की सगळा रस्ता तुंबतो आणि ड्रायव्हर एकमेकांना आईवरून बोलतात. तेवढीच माझी करमणूक. तेवढीच होती म्हणायचं, कारण मग भोपू आला.

भोपू म्हणजे अस्वल. तनुजाच्या मैत्रिणीनं पेनड्राइव्हमध्ये एक कार्टूनचा पिक्चर दिला, त्यातला. आधी मला ते डुक्करच वाटलं. मी अकरा वेळा बघितलाय. हसू नको. रिमोट तनुजाच्या हातात आणि पाय प्लास्टरमध्ये, मी जाणार कुठं? पण खरं सांगते, तिसऱ्या वेळेपासून मीच म्हणायला लागले, लाव ग तुझं ते अस्वल.

जंगलातल्या नदीवर एक नाव आहे, दोरीनं ओढायची. सगळ्या प्राण्यांना या काठावरून त्या काठावर नेणं हे भोपूचं काम. अंगानं हा एवढा, चड्डी सारखी खाली येते, आणि बढाया तर विचारूच नकोस. आज एका दमात हत्ती नेला म्हणतो, नेलेला असतो उंदीर. त्याला शिंक आली की नाव गरगर फिरते आणि आतली बदकं एकमेकांच्या डोक्यावर जाऊन बसतात. काठाला लागली की नाव दोन गाठींनी बांधायची, असा तिथला नियम. पण हा फेऱ्या जास्त मारायच्या नादात एकच गाठ मारायला लागतो. एक दिवस मधाचा वास येतो, हा घाईघाईनं एक गाठ मारून पळतो, ती सुटते आणि नाव वाहत जाऊन खडकावर आपटते. आत त्याचा जिवाभावाचा मित्र, कासव, झोपलेला असतो. त्याच्या पाठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडते.

मग भोपू जाऊन लपतो कुठं, तर लोणच्याच्या पिंपात. पिंप गडगडत नदीत पडतं. पोटामुळं हा असा अडकतो की ना आत ना बाहेर, नुसतं डोकं वर आणि डोक्यावर कैरीची फोड. तिथं मी इतकी हसले की पलंग हलायला लागला आणि तुझी योगिनीवहिनी हातात लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. हसलं की प्लास्टरच्या आत खाज सुटते. मी तिची स्वेटरची सुई घालून खाजवते, डॉक्टरला सांगू नको.

पिंपासकट तो एका जत्रेत पोचतो. खोट्या मिशा लावतो आणि पिंपातूनच कोलांट्या मारतो. लोक हसतात, फुटाणे फेकतात, हा कोण कुठला ते कुणालाच माहीत नाही. तिथं एक जागा अशी आहे, सगळे खदाखदा हसतायत आणि तो मिशीआडून हळूच गर्दीत बघतो, कासव आलाय का म्हणून. कासव नसतो. मग हा परत कोलांटी मारतो. अकरा वेळा बघूनही त्या जागेला मी खिडकीबाहेर बघते. रविराज सांगत होता, टेम्पोवर माल चढवताना तू नकला करून सगळ्यांना हसवतोस, आणि खोलीवर आलास की भिंतीकडे तोंड करून पडतोस. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही म्हणे. मला निदान कंपनीची भिंत तरी दिसते.

शेवटी नदीला पूर येतो, नाव सगळ्यांना घेऊन वाहायला लागते, आणि भोपू पिंपासकट उडी मारून दोरी दातात धरतो. पाण्यानं मिशा निघून जातात. सगळ्यांना कळतं हा कोण ते. दात तुटायची वेळ येते पण सोडत नाही. चड्डी तिथंही खाली येतेच.

तर मला सांग, असा गडी वाईट कसा? पण तनुजा ऐकत नाही. त्यांच्या वर्गात सगळ्यांनीच हा पिक्चर बघितलाय, बाईंनी विचारलं होतं, कुणाला कोण आवडलं, तर सगळ्यांनी कासवाचं नाव घेतलं, भोपूच्या बाजूनं एकही हात नाही. आठ वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून मला सांगते, आजी, तो वाईट आहे, कासवाला एवढं लागलं आणि तो भेटायलासुद्धा गेला नाही, पळाला. मला कळत होतं हे कुठून येतंय. तुझं नाव ती काढत नाही. जिला तू खांद्यावर बसवून चाकणच्या बाजारात फिरवायचास ती. तू दिलेली लाल शिट्टी तिनं कपाटामागं टाकलीय. फेकली नाही, कपाटामागं टाकलीय. पलंगावरून मला ती रोज दिसते.

मी रोज तिच्याशी भांडले. म्हटलं, मधाचा वास आला तर अस्वल जाणारच, ते काय उपासाला बसलंय? म्हटलं, त्यानं दोरी दातात धरली तेव्हा बाकीचे काय करत होते? म्हटलं, एका गाठीनं फेऱ्या जास्त व्हायला लागल्या तेव्हा काठावर उभं राहून टाळ्या कोण वाजवत होतं? सगळं जंगलच ना? तेव्हा कुणी म्हणालं का, भोपू, दुसरी गाठ कुठाय? तनुजा म्हणायची, आजी, तू त्याची वकील आहेस का? योगिनी हसायची. तुझा दादा मात्र हसायचा नाही. तो कोपऱ्यात लसूण सोलत बसलेला असतो. डॉक्टरनं सांगितलंय, उरलेल्या बोटांना काम द्या, म्हणून घरातला सगळा लसूण त्याच्याकडे. बाहेर निघाला की डावा हात खिशात. आता कंपनीत स्टोअरला बसवलंय त्याला. मोटारसायकलचा क्लच दाबता येत नाही, म्हणून योगिनीची पांढरी स्कूटी घेऊन जातो.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी पानंच्या पानं घिरट्या घालतेय.

तुम्ही दोघं कंपनीत ज्या मशीनवर होता त्या पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं असतात हे मला तूच समजावून सांगितलं होतंस, जेवताना, ताटात दोन वाट्या ठेवून. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण एक बटण दाबून अडकवून ठेवलं की एका हातानं काम भागतं, दुसऱ्यानं माल सरकवायचा, दुप्पट माल निघतो. सगळेच करतात म्हणालास. अडकवायला काहीतरी हवं होतं, तर मी दोरीवरचा निळा चिमटा काढून तुझ्या हातात दिला. वर हसले. दादा तुला ओरडला, तर मी त्यालाच म्हणाले की धाकट्याचं कौतुक होतंय म्हणून तुला सोसत नाही. मग महिन्यात सगळ्यांत जास्त माल काढला म्हणून तुला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मी अख्ख्या आळीला दाखवून आले होते. आता पलंगासमोरच आहे ते. पाच आठवडे मी त्याची टिकटिक ऐकतेय, आणि उठून त्याचा सेल काढता येत नाही.

त्या दिवशी शिफ्ट बदलताना तू चिमटा काढायला विसरलास आणि त्याच मशीनवर दादा उभा राहिला. दोन बोटं आणि तिसऱ्याचं अर्धं. दवाखान्यात तो आत होता, योगिनी सह्या करत होती, आणि सुपरवायझरनं तळहातावर तो निळा चिमटा धरून मला विचारलं, हे काय आहे ओळखता का? मी ओळखला. ओळखला म्हणूनच माझं तोंड एवढं सुटलं, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. तू पाण्याच्या टाकीपाशी उकिडवा बसला होतास. मी तुझ्यासमोर येऊन म्हणाले, “मी मेले असं समज. माझ्या दारात पाय ठिवू नको.” तू वर बघितलंस. चिमटा कुणी दिला ते तू तेव्हाही बोलला नाहीस आणि नंतरही कुणाला सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. अनवाणी निघून गेलास. तुझ्या चपला दवाखान्याच्या पायरीशी राहिल्या होत्या. त्या मी पिशवीत घालून आणल्या आणि माळ्यावर टाकल्या.

यातलं तुला सगळं ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते ऐक. दादा शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं तुलाच विचारलं. मी म्हणाले, पळाला. एवढंच. एक शब्द. त्यावर कुणी काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, मग हाताची पट्टी निघू दे, मग सण होऊ दे, असं करत आठ महिने झाले. घरात सगळे तुला पळपुटा म्हणत राहिले आणि मी जेवत राहिले. जिना तर पाच आठवड्यांपूर्वी बंद झाला रे, त्याच्या आधी सात महिने मी चालत्या पायांनी या घरात कोंडलेली होते. देवळात जायचे, तर शालनबाई विचारेल धाकटा कुठाय, म्हणून मागच्या वाटेनं जायचे. भोपूला निदान पिंप दिसत तरी होतं.

गेल्या रविवारी दुपारी पिक्चर अकराव्यांदा लावला. तनुजा पुन्हा तेच म्हणाली, बघ आजी, पळाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तो पळाला न्हाई. त्याला हाकललं व्हतं.”

तनुजा माझ्याकडे बघत राहिली. तिला पिक्चर तोंडपाठ. ती म्हणाली, आजी, यात कुणीच नाही हाकललं त्याला, तो आपला आपला जातो, तू झोपली होतीस का? योगिनीचं लाटणं थांबलं. दादानं हातातली लसणाची पाकळी ताटात ठेवली. बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजतच होता. मी पाणी मागितलं, कुणी उठलं नाही.

“आई,” दादा म्हणाला, “कुणाला हाकललं होतं?”

मग मी सांगितलं. चिमटा, घड्याळ, पाण्याची टाकी, चपला, सगळं. तनुजासमोरच. प्लास्टर घातलेलं माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, नाहीतर मी गेले असते. बोलून झालं तेव्हा टीव्हीवर अस्वल पिंपात बसून गाणं म्हणत होतं आणि कुणालाच ते बंद करायचं सुचलं नाही.

दादा उठून गच्चीवर गेला. तो दिवस बोलला नाही, दुसराही नाही. मंगळवारी कामावरून आला, माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि खिशातला हात काढून माझ्यासमोर प्लास्टरवर ठेवला. एवढ्या महिन्यांत त्यानं तो मला नीट दाखवला नव्हता. म्हणाला, “बोटांचा राग कधीच गेला गं. सुरज एकदाही बघायला आला नाही, त्याचा होता. आता तो कुणावर काढू?” मी म्हटलं, माझ्यावर काढ.   मग त्यानं खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं, सेल काढला आणि चहा टाकायला गेला. तुझा दादा चहा टाकतो का कधी? दूध उतू घालवलं, तरी मी म्हटलं छान झालाय.

तनुजानं दोन दिवस विचार केला. शाळेतून येताना करत असावी, कारण दप्तर न काढताच मला विचारलं, मग आता काकाला परत कुणी बोलवायचं? मी म्हटलं, तू सांग. म्हणाली, ज्यानं हाकललं त्यानं. आणि दप्तरातून ही वही काढून दिली. मी पाच दिवस लिहितेय. मधेच काल बघितलं तर शिट्टी कपाटामागं नव्हती. कुठं आहे ते मी विचारलं नाही.

आता खुशीत का आहे ते. पत्र टपालात टाकू म्हटलं तर मला तुझा पत्ता येत नाही, आणि रविराज महिनाअखेरीशिवाय येत नाही. तर दादानं आज सकाळी विचारलं, झालं का लिहून? मी नेतो, पत्ता रविराजला फोन करून घेतलाय. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात रविराज देईल, पण निघोज्याहून भोसरीपर्यंत ते आणलंय तुझ्या दादानं. तो वर येणार नाही. म्हणाला, मी समोर उभा राहिलो तर त्याला नाही म्हणता येणार नाही, त्याचं त्याला ठरवू दे. तुमच्या चाळीच्या खाली, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या स्कूटीवर बसलाय. डिकीत तुझ्या चपला आहेत, पुसून दिल्यात. गाडी तोच चालवेल, तू मागं बस, आणि त्याच्या हाताकडे बघायचं टाळू नकोस, कुणी नजर चुकवली की त्याला ते जास्त लागतं. चिमटा मी दिला आणि दार मी लावलं, तेव्हा तुला घ्यायला मीच यायला हवं होतं. पण मला अजून जिना उतरता येत नाही, बाळा. तू उतर.

तुझीच
आई